ज्या हॉलमध्ये आपला गणपती बसतो, त्या हॉलच्या वह्या

इंग्लंडमधल्या मराठी मंडळांचे अध्यक्ष, कार्यवाह, खजिनदार आणि कार्यकारिणी सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी गेली २२ वर्षं लेस्टरमध्ये राहते आणि त्यातली बरीच वर्षं मंडळाच्या कामात आहे. हे पत्र लिहायचं कारण एक लोखंडी कंटेनर. घर पाडताना राडारोडा टाकायला रस्त्याच्या कडेला उभा करतात, ज्याला इथे आपण सगळे स्किप म्हणतो, तो. गेल्या ऑक्टोबरात असाच एक स्किप आमच्या भागातल्या एका वर्किंग मेन्स क्लबच्या, म्हणजे कामगारांनी स्वतःसाठी चालवलेल्या क्लबच्या, दारात उभा होता. त्यात मोडक्या खुर्च्या होत्या, स्नूकरच्या टेबलावरून फाडून काढलेलं हिरवं कापड होतं आणि त्या कापडाखालून एका लाकडी फलकाचा कोपरा दिसत होता. त्या फलकावर क्लबच्या प्रत्येक अध्यक्षाचं नाव आणि साल सोनेरी अक्षरांत होतं. तो बारच्या उजव्या भिंतीवर असायचा. आरतीला गर्दी झाली की मागची मंडळी त्यालाच टेकून उभी राहायची. मी कामाला निघाले होते. संध्याकाळी गाडी घेऊन येऊ, असं मनात म्हटलं. संध्याकाळी स्किप तिथे नव्हता.

फलक गेला. वह्या मात्र वाचल्या, आणि त्याही योगायोगाने. क्लब बंद करायचा ठराव झाल्यावर तिथल्या सेक्रेटरींनी मला शेवटचे हिशेब तपासून द्यायला बोलावलं होतं. मी पेशाने अकाउंटंट. नऊ वर्षं आपला गणपती त्यांच्या हॉलमध्ये बसला, तेव्हा नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. बारच्या मागच्या खोलीत, गॅसच्या टाक्यांशेजारी, वेफर्सची सात-आठ खोकी रचून ठेवलेली होती. मला हवे होते गेल्या पाच वर्षांचे हिशेब. पहिलं खोकं उघडलं तर सगळ्यात वर १९५१ सालची इतिवृत्ताची वही. काळी कापडी बांधणी, कोपऱ्यांना लाल चामडं, आत निळ्या शाईतलं तिरकं, एकसारखं अक्षर. ते एकाच माणसाचं अक्षर सतरा वर्षं चालू राहतं आणि मग एका सभेपासून अक्षर बदलतं. त्या पानावर पहिला ठराव दुखवट्याचा आहे आणि दुसरा पुष्पचक्राच्या खर्चाचा.

मी हिशेब बाजूला ठेवले आणि काळोख पडेपर्यंत वाचत बसले. कोळशाचं बिल. पियानोचे सूर जुळवायला माणूस बोलवावा की नाही, यावर दोन सभा चाललेला वाद. सभासदांच्या मुलांची स्केगनेसच्या समुद्रावरची सहल, किती बसगाड्या लागतील, प्रत्येक मुलाच्या हातात जाताना किती नाणी ठेवायची. कारखान्यात बोटं गेलेल्या एका सभासदाच्या घरी कमिटीतले दोघे जण जाऊन आले, त्याची तीन ओळींची नोंद. चीज आणि कांदा घातलेले कॉब म्हणजे इथले गोल पाव किती डझन मागवायचे, त्याची नोंद तर जवळजवळ प्रत्येक पानावर.

सेक्रेटरी दारात उभे होते. ऐंशी ओलांडलेले. "कोण वाचणार आहे हे, मी डक?" म्हणाले. लेस्टरची जुनी माणसं समोरच्याला, बाई असो की बुवा, 'मी डक' म्हणतात, आपण कुणाला 'बाळा' म्हणतो तितक्याच मायेने. मी म्हटलं, मी वाचतेय ना. त्यावर ते काही बोलले नाहीत, पण खोकी उचलायला मदत केली.

आता हे सगळं मी मराठी मंडळांना का सांगते आहे, ते लिहिते.

आपल्यापैकी बहुतेक मंडळांकडे स्वतःची वास्तू नाही. लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची गोष्ट वेगळी. ते १९३२ सालचं, त्याला डॉलिस हिलला स्वतःचं घर आहे. बाकीचे आपण भाड्याने राहतो. शाळेचा हॉल, चर्चचा हॉल आणि फार वेळा अशा एखाद्या क्लबचा हॉल. भाडं परवडतं, रंगमंच आयता मिळतो, स्वयंपाकघर मोठं असतं, गाड्या लावायला जागा असते. आपण शनिवारी सकाळी जातो, मखर उभं करतो, रविवारी रात्री झाडून-पुसून किल्ली परत देतो. ही वास्तू कुणी, कशासाठी उभारली, हे आपण कधी विचारत नाही. मीही नऊ वर्षं विचारलं नव्हतं.

या क्लबांची देशव्यापी संघटना, वर्किंग मेन्स क्लब अँड इन्स्टिट्यूट युनियन, १४ जून १८६२ रोजी स्थापन झाली. पुढाकार हेन्री सॉली नावाच्या, युनिटेरियन या ख्रिस्ती पंथाच्या पाद्र्याचा. दिवसभर राबलेल्या कामगाराने संध्याकाळी गुत्त्यात जाऊ नये, वर्तमानपत्र वाचावं, व्याख्यान ऐकावं, बुद्धिबळ खेळावं, ही कल्पना. सुरुवातीला दारूला बंदी होती आणि आश्रयदाते सगळे लॉर्ड-उमराव. कामगारांना ही वरून आलेली शिकवण फार दिवस मानवली नाही. काही वर्षांतच बिअर आली, आणि १८८० च्या दशकात कामगारांनी संघटनेचा कारभारच आपल्या हातात घेतला. लोकांनी आपली संस्था आपल्या ताब्यात घेतली, ही मला त्या इतिहासातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. १९७० च्या दशकात असे चार हजारांवर क्लब या संघटनेत होते.

त्यांचा कारभार वाचताना मला सारखं आपलं मंडळ दिसत होतं. मालक कुणी नाही, सभासदच मालक. वर्षाला निवडून येणारी कमिटी, पगारी माणूस एकच, बार सांभाळणारा स्टुअर्ड. बाकी सगळे घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजणारे. बिअरवर जो पैसा सुटेल तो मुलांच्या सहलीला, म्हाताऱ्यांच्या नाताळच्या जेवणाला, आजारातून उठलेल्या सभासदाला हवापालटाला पाठवायला. युनियनने त्यासाठी समुद्रकिनाऱ्यांवर आरोग्यधामं बांधली होती. उत्तरेतलं सॉल्टबर्नचं धाम त्यांतलंच. शनिवारी गाण्याचा कार्यक्रम, रविवारी दुपारी हाउजी, मटणाच्या तुकड्यांची सोडत, डोमिनो, आणि आमच्या लेस्टरशायरचा खास खेळ म्हणजे स्किटल्स. लांब पट्टीच्या टोकाला नऊ लाकडी खुंट्या उभ्या करून त्या पाडायच्या. गाण्याचे कलाकार ठरवायला वेगळा कॉन्सर्ट सेक्रेटरी. आपल्याकडे सांस्कृतिक विभागप्रमुख असतो ना, अगदी तसाच, आणि सगळ्यांच्या शिव्या खाणाराही तोच. एंगलबर्ट हंपरडिंक हे नाव तुमच्यातल्या जुन्यांना माहीत असेल. तो १९३६ साली मद्रासमध्ये जन्मला, लेस्टरमध्ये वाढला आणि जगभर नाव होण्याआधी जेरी डॉर्सी या नावाने क्लबांतून गायचा.

मुंबईत हे आपण वेगळ्या रूपात पाहिलेलं आहे. गिरणगावात कोकणातल्या एकेका गावाची ग्रामस्थ मंडळं होती, खोलीभर माणसं आणि एक ट्रंकभर कागद. धोबीतलावला गोवेकरांची कुडं, म्हणजे एकत्र राहायच्या खोल्या, होती, गावागावाची, आणि गोवेकर त्यांना क्लबच म्हणायचे. परगावी राबणारा माणूस दोन गोष्टी आधी शोधतो, जेवायची सोय आणि संध्याकाळी बसायला आपली माणसं. लेस्टरच्या होजिअरीच्या आणि बुटांच्या कारखान्यांत राबणाऱ्यांनी बांधलेले हे क्लब त्याच गरजेतून आले.

आता अवघड भाग. तो टाळून हे पत्र लिहिलं तर ते खोटं होईल.

यांतल्या अनेक क्लबांनी आपल्यासारख्यांना दारात उभं केलं नव्हतं. लंडनमधल्या ईस्ट हॅमच्या एका कॉन्झर्व्हेटिव्ह क्लबने एका शीख गृहस्थांना वर्णावरून सभासदत्व नाकारलं. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या इथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, गेलं आणि १९७३ साली निकाल लागला तो क्लबच्या बाजूने. क्लब ही खासगी बाब, वंशभेदाविरुद्धचा १९६८ चा कायदा तिथे लागू नाही. पुढच्याच वर्षी प्रेस्टनच्या डॉकर्स लेबर क्लबचं प्रकरण. तिथे ज्याला बाहेर काढलं तो दुसऱ्या संलग्न क्लबचा रीतसर सभासद होता, देशभरातल्या संलग्न क्लबांत चालणारा असोसिएट. तरीही लॉर्ड्सनी क्लबच्याच बाजूने कौल दिला. ज्या क्लबच्या नावात गोदी कामगार आणि लेबर हे दोन्ही शब्द आहेत, त्याने एका कामगाराला कातडीवरून बाहेर काढलं, हे वाचताना मला अजून त्रास होतो. शेवटी १९७६ चा कायदा आला आणि २५ किंवा त्याहून जास्त सभासदांच्या क्लबांना हा भेदभाव करायला मनाई झाली.

बायकांची गोष्ट याहून लांबली. वेकफिल्डमध्ये १९७८ साली शीला कॅपस्टिक यांना त्यांच्या क्लबात स्नूकर खेळायला मनाई झाली आणि त्यांनी देशभर मोहीम उभी केली. बायकांना युनियनमध्ये पुरुषांच्या बरोबरीचे हक्क मिळाले ते २००७ साली. मी लेस्टरला आले तेव्हाही नियम जुनेच होते.

आमच्या शहराने तेव्हा काय केलं तेही लिहायला हवं. इदी अमीनने ऑगस्ट १९७२ मध्ये युगांडातल्या आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितलं, तेव्हा लेस्टरच्या नगरपरिषदेने सप्टेंबरात 'युगांडा आर्गस' या तिथल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली, की तुमच्या भल्यासाठी सांगतो, लेस्टरला येऊ नका. लोक तरीही आले. होजिअरीत लागले, टाइपरायटरच्या कारखान्यात लागले. इम्पीरियल टाइपरायटर्समध्ये १ मे १९७४ रोजी आशियाई कामगारांनी संप केला, बोनसच्या हिशेबात आपल्याला डावललं जातंय म्हणून. तो तीन महिन्यांवर चालला, त्यांच्या कामगार संघटनेने पाठीशी उभं राहायला नकार दिला, आणि पुढच्या वर्षी कारखानाच बंद झाला. दिवसा शेजारशेजारच्या यंत्रांवर बसणारी माणसं. संध्याकाळी एकाला क्लबचं दार उघडं आणि दुसऱ्याला बंद.

मी वाचलेल्या वह्यांतही हे आहे. साठच्या दशकातल्या एका सभेत, दोघा सभासदांनी एका 'कलर्ड' सहकाऱ्याचं नाव सभासदत्वासाठी सुचवलं, अशी नोंद आहे. विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब. पुढच्या सभेत पुन्हा तहकूब. तिसऱ्या सभेत पुन्हा. चौथ्या सभेच्या नोंदीत तो विषयच नाही. नकार कुठेही लिहिलेला नाही. ज्या दोघांनी नाव सुचवलं होतं, त्यांतल्या एकाची सही त्यानंतर कमिटीच्या एकाही सभेत दिसत नाही. मी ती चार पानं किती वेळा मागेपुढे केली, सांगता येत नाही. तो माणूस कोण होता, कुठून आला होता, मला शोधता आलेलं नाही. तो कारखान्यातून सुटून त्या दारावरून रोज घरी जात असेल, एवढंच डोळ्यांसमोर येतं.

मंडळात मी हे सांगितलं तेव्हा एका तरुण सभासदाने विचारलं, "ज्यांनी आपल्याला आत घेतलं नसतं, त्यांच्या वह्या आपण का जपायच्या?" प्रश्न रास्त आहे आणि माझं उत्तर सरळ आहे. त्या वह्या स्किपमध्ये गेल्या असत्या, तर त्या माणसावर झालेला अन्यायही स्किपमध्ये गेला असता. तो नाकारला गेला, याचा पुरावा नाकारणाऱ्यांनीच स्वतःच्या हाताने लिहून ठेवला आहे. आणि त्याच्यासाठी हात वर करणारे दोघे होते, याचाही.

आणखी एक गोष्ट सापडली, आणि त्यासाठीच मुख्यतः मी तुम्हाला लिहिते आहे. शेवटच्या खोक्यातल्या, बॉलपेनने लिहिलेल्या एका वहीत ही नोंद आहे: भारतीय गटाची सणासाठी दोन दिवस हॉल मिळण्याची विनंती. स्वयंपाकघर वापरणार, त्या दोन दिवसांत तिथे मांस शिजवू नये अशी विनंती. मंजूर. अनामत रक्कम घेऊ नये, असं एका सभासदाने सुचवलं. मंजूर. खाली पुढच्या सभेतली नोंद: हॉल अतिशय स्वच्छ परत मिळाला, आभाराचं पत्र आणि मिठाईचा डबा आला, डबा समितीत वाटला.

तो आपला पहिला गणपती होता. मी लगेच आपल्या मंडळाचे कागद काढले. त्या वर्षाचं इतिवृत्त नाही. पावतीपुस्तक नाही. वर्गणीदारांची यादी नाही. तेव्हाचे कार्यवाह आता ऑस्ट्रेलियात आहेत, त्यांचा त्या काळचा लॅपटॉप कधीच बिघडून गेला. आपल्या मंडळाच्या पहिल्या गणेशोत्सवाचा जगातला एकमेव लेखी पुरावा एका इंग्लिश वर्किंग मेन्स क्लबच्या वहीत होता, आणि ती वही वेफर्सच्या खोक्यातून कचऱ्यात जायच्या बेतात होती.

आपण तर दफ्तरांवर जीव टाकणाऱ्यांचे वंशज. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून वाड्यांच्या माळ्यांवरची, वाळवी लागलेली, रुमालांत बांधलेली दफ्तरं मिळवत राहिले. कुणी दार लावून घेतलं तरी पुन्हा जात राहिले. त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालिकेचा पहिला खंड १८९८ साली आला, पानिपतापर्यंतच्या काळातल्या पत्रांचा, आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. शाळेत आपण हे शिकलो. आणि इथे येऊन आपण आपला कारभार व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर सोडून दिला, जिथून फोन बदलला की सगळं जातं.

लेस्टरमध्ये राहून याची लाज जास्त वाटते, कारण स्थानिक इतिहास हा विद्यापीठात शिकवायचा स्वतंत्र विषय झाला तो याच शहरात. डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी इथल्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये १९४८ साली इंग्लिश स्थानिक इतिहासाचा विभाग काढला. त्याआधी ते व्हॉन कॉलेजमध्ये संध्याकाळचे वर्ग घेत. कामगारांसाठी एका पाद्र्यानेच सुरू केलेली ती शाळा, आणि तिचंही साल १८६२ च. दिवसभर काम करून आलेली माणसं बाकांवर बसून आपल्या गल्लीचा, शेताच्या बांधाचा, चर्चच्या नोंदवहीचा इतिहास शिकत होती. राजाराणीचा इतिहास सोडून शेजारच्या घराचा इतिहास गंभीरपणे वाचायचा, ही दृष्टी तिथली.

तुम्ही लेस्टरला आलात की पाहुण्यांना राजा तिसरा रिचर्ड दाखवायला नेता, मीही नेते. २०१२ च्या ऑगस्टमध्ये गाड्या लावायच्या जागेखाली खणलं आणि १४८५ साली लढाईत पडलेल्या राजाची हाडं सापडली. मार्च २०१५ मध्ये कॅथीड्रलमध्ये त्याचं दफन झालं तेव्हा रस्ते माणसांनी भरले होते. मला त्या खोदकामाचा अभिमान आहे. पण त्याच शहरात एक क्लब पाडून तिथे गाड्या लावायची जागा होते, तेव्हा खाली काय गाडलं जातंय, हे बघायलाही आपल्यातलं कुणीतरी जायला हवं. एका राजासाठी पाचशे वर्षांनी फरशी फोडावी लागली. क्लबच्या सेक्रेटरीला आजच एक फोन केला तरी काम होतं.

क्लब का बंद पडताहेत, यावर फार लिहीत नाही. कारखाने गेले. १८१५ पासूनची कोराह कंपनी, एके काळी जिच्या सेंट मार्गरेट्स वर्क्समध्ये हजारो हात विणकाम करत, तीही गेली. सुपरमार्केटात बिअर स्वस्त झाली. १ जुलै २००७ पासून आत धूम्रपान बंद झालं. जुने सभासद गेले आणि त्यांची मुलं दुसऱ्या शहरांत राहायला गेली. शेवटचं कारण आपल्या मंडळांनाही लागू आहे, तेवढं लक्षात ठेवा.

तेव्हा माझी विनंती. तुमचं मंडळ ज्या हॉलमध्ये भरतं, त्याच्या सेक्रेटरींना किंवा चर्चच्या व्यवस्थापकांना या महिन्यात भेटा. वह्या कुठे आहेत, एवढंच विचारा. फार वेळा त्या एखाद्या माणसाच्या घरी पोटमाळ्यावर असतात, आणि तो माणूस ऐंशीचा असतो. प्रत्येक काउंटीला रेकॉर्ड ऑफिस आहे. आमच्याकडे लेस्टरशायर, लेस्टर आणि रटलंडचं मिळून एक आहे. तिथे कागद बक्षीस म्हणून देता येतात किंवा मालकी स्वतःकडे ठेवून ठेव म्हणूनही देता येतात. खासगी मजकूर काही वर्षं बंद ठेवा, असंही सांगता येतं. त्यांची माणसं अतिशय आस्थेने बोलतात. फक्त नेण्यापूर्वी स्वतः काही दुरुस्त करायला जाऊ नका. सेलोटेप तर मुळीच नको. गंजलेल्या टाचण्या तशाच राहू द्या, ते काढतात.

क्लब विकायला निघाल्याचं कळलं तर वेळेत हालचाल करा. २०११ च्या स्थानिक स्वराज्याच्या कायद्याने लोकांना हा हक्क दिला आहे, की एखादी वास्तू समाजाच्या उपयोगाची म्हणून नगरपरिषदेच्या यादीत घालायला सुचवता येते. अगदी अनौपचारिक गटालाही हे करता येतं, स्थानिक मतदारयादीतले २१ सभासद असले की. नाव यादीत असेल तर विक्रीआधी ती वास्तू विकत घेण्यासाठी समाजाला सहा महिन्यांची मुदत मागता येते. आमच्या मंडळात लेस्टरचे २१ मतदार सहज निघाले असते. मला हा कायदा कळला तेव्हा सौदा होऊन गेला होता. तुमच्या बाबतीत तसं होऊ नये म्हणून लिहिते.

आणि स्वतःचं दफ्तर सुरू करा. वर्षाच्या शेवटी इतिवृत्त, हिशेब, निमंत्रणपत्रिका, दोन-चार फोटो मागे नावं लिहून, असं एका खोक्यात. सत्तर-ऐंशीच्या दशकांत आलेली जी आजी-आजोबा मंडळी अजून आपल्यात आहेत, त्यांच्याशी निवांत बसून बोला आणि ध्वनिमुद्रण करा. त्यांना यशाच्या गोष्टी विचारू नका, त्या ते सगळ्यांना सांगतात. पहिली मूर्ती कुणाच्या सामानातून आली, हॉल कुणी नाकारला, कुणी किल्ली विश्वासाने हातात दिली, पुरणाला डाळ कुठल्या दुकानातून आणली, हे विचारा. लेस्टर विद्यापीठात २००१ पासून ईस्ट मिडलंड्सच्या मौखिक इतिहासाचा संग्रह आहे. तिथे होजिअरीतल्या बायका बोलतात, युगांडाहून आलेले बोलतात. मराठीतून बोलणारं माणूस तिथे मला अजून भेटलेलं नाही.

आमच्या क्लबची सात खोकी आम्ही जानेवारीत रेकॉर्ड ऑफिसला नेली. सेक्रेटरी सोबत आले होते, कोट आणि क्लबचा टाय घालून. काउंटरवरच्या मुलीने खोकं उघडून १९५१ ची वही बाहेर काढली, उशीसारख्या गादीवर ठेवली आणि पहिलं पान दोन्ही हातांनी उलटलं. ते बघताना सेक्रेटरींनी टोपी काढली. मग त्यांनी तिला बोटाने एक ओळ दाखवली. सभासदत्वासाठी आलेल्या नावांत त्यांच्या वडिलांचं नाव होतं.

पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या आणि तारीख मला कळवा. मिडलंड्समध्ये कुठेही असाल तर मी येते. गाडी मोठी आहे, आणि खोकी उचलायला मुलगा बरोबर असतो.

तुमची,
लेस्टरमधली एक जुनी सभासद